बारशाचा पेला

या सदरातले अनुभव मी आजवर फक्त नावं ठेवायला वाचत आले, हे आधीच कबूल करते. चहा पिता पिता वाचायचे आणि शिरीषला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्याने वाचून दाखवत खिदळायचं. मी बहरीनमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात पडल्याशिवाय ही बाई कुणाला ताप आलाय हेसुद्धा मान्य करत नाही, असं आमच्या घरात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. पण मागच्या सप्टेंबरात आमच्याकडे जे घडलं, त्याचा रिपोर्ट मला अजून कुठल्याच मशीनवर काढता आलेला नाही. म्हणून आज लिहायला बसले. नावं तेवढी बदलली आहेत.

आमचा फ्लॅट सनाबिसमध्ये. शिरीष इंजिनिअर आहे, पण विचाराल तर तो स्वतःला आधी सायकलवाला म्हणेल. साधी सायकल नाही – डोंगरात चालवायची, जाड टायरवाली, माउंटन बाइक. आता बहरीनमध्ये डोंगर कुठून आणायचे? सगळ्यात उंच म्हणून जो जबल दुखान आहे, तो आमच्या नाशिकच्या पांडवलेणीपुढे लाजेल. तरी हा बाबा आणि याचा मित्र मेल्विन हिवाळ्यातले सगळे शुक्रवार त्या वाळूत आणि खडकांत घालवतात. मेल्विन वसईचा, इथे एका हॉटेलात मॅनेजर आहे. बायको-मुलं वसईला, त्यामुळे शनिवारी आमच्याकडेच जेवतो.

उन्हाळ्यात मात्र बाहेर सायकल काढणं म्हणजे वेडेपणा. मग शिरीष सायकलचं मागचं चाक काढून ती हॉलमध्ये एका मशीनवर चढवतो. त्याला ट्रेनर म्हणतात. समोर टीव्हीवर कुणीतरी हेल्मेटला कॅमेरा लावून काढलेला रस्त्याचा व्हिडिओ चालतो. रस्त्याला चढ आला की मशीन आपोआप जड होतं, उतार आला की हलकं. सायकल जागेवरच, घाम मात्र खरा. गेल्या वर्षी त्या दोघांनी ठरवलं होतं, सप्टेंबरात फ्रान्सला जायचं, सायकली तिथेच भाड्याने घ्यायच्या. दक्षिणेकडे सेवेन नावाचा डोंगराळ भाग आहे, सगळं चेस्टनटचं जंगल, त्यातून धनगरांच्या जुन्या पायवाटा. तिथल्या एका रस्त्याचा व्हिडिओ शिरीषला सापडला आणि मग अख्खा उन्हाळा आमच्या हॉलमध्ये तोच रस्ता. पानांचा सडा, दगडी भिंती, कुठेतरी बकऱ्यांच्या घंटा... मला तो डोळे मिटून पाठ झाला होता. वैताग आला होता, खरं सांगायचं तर.

वैतागाला कारणही होतं. शिरीषला डायबेटिस आहे, गेली काही वर्षं इन्सुलिन घेतो. अशा माणसाने जास्त दमणूक केली की साखर एकदम खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, जीभ जड होते आणि वेळेवर गोड पोटात गेलं नाही तर माणूस बेशुद्ध पडतो. पुढचं मी लिहीत नाही. हे मी त्याला रोज सांगायचे आणि तो रोज "हो गं हो" म्हणायचा.

आणि त्याच उन्हाळ्यात आई आमच्याकडे होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई, दिंडोरीच्या. व्हिजिट व्हिसावर तीन महिने आल्या होत्या. वय झालंय, पण डोकं एकदम शाबूत, हे मुद्दाम लिहितेय. कारण पुढचं वाचून तुम्ही हेच म्हणणार की म्हातारपणी भास होतात. घरात कुणाच्या गोळ्या कधी, इराची परीक्षा कधी, पाणीवाल्याचा खाडा कधी, सगळं आईंना तोंडपाठ. काचेच्या ग्लासातून पाणी पीत नाहीत, म्हणून येताना स्वतःचा स्टीलचा पेला घेऊन आल्या होत्या. छोटासा, काठाला एक पोचा पडलेला. त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलंय – 'चि. शिरीष, बारसे, मामाकडून'. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात तसं.

शिरीष ट्रेनरवर बसला की आई सोफ्यावर. "एवढं मोठं जंगल आणि एक माणूस दिसत नाही कसा?" हे त्यांचं ठरलेलं. मग जुलैमध्ये एके संध्याकाळी म्हणाल्या, "हा बघा, दिसला."

"कोण, आजी?" आमची इरा तिथेच मोबाइल घेऊन पसरली होती. एकोणीस वर्षांची आहे, इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"तो काय, भिंतीला टेकून बसलाय. निळा सदरा. पाय धरलाय बघ दोन्ही हातांनी."

व्हिडिओत त्या वेळी एक वळण येतं. डाव्या हाताला दगडी भिंत, तिचा कोपरा ढासळलेला, आणि पिळवटलेलं एक चेस्टनटचं झाड. इराने व्हिडिओ मागे घेऊन पुन्हा लावला. "आजी, देअर इज नो वन देअर! इट्स जस्ट अ वॉल."

"तुला दिसत नसेल. त्याला तहान लागलीय गं."

झालं. त्या दिवसापासून रोज ते वळण आलं की आई विचारायच्या, "त्याला कुणी पाणी दिलं का?" चेहरा दिसत नाही म्हणायच्या, मान खाली घातलीय. सुरुवातीला आम्ही हसलो. मग मला भीती वाटायला लागली – भुताची नाही, आजाराची. मी त्यांना आमच्या हॉस्पिटलात नेलं, डोळे तपासून घेतले, बाकीच्याही तपासण्या केल्या. मोतीबिंदू जरासा, बाकी सगळं वयाच्या मानाने उत्तम. डॉक्टरांना आईंनीच उलट सांगितलं, "तुम्ही झोपत नाही नीट, डोळे बघा कसे झालेत."

एक दिवस त्यांनी आपल्या पेल्यात गूळ-पाणी केलं, वर चिमूटभर सुंठ, आणि ते टीव्हीच्या स्टँडवर नेऊन ठेवलं. उन्हातून आलेल्याला नुसतं पाणी द्यायचं नाही, गूळ द्यायचा, ही त्यांची सवय. बिल्डिंगमध्ये एसी दुरुस्त करायला येणाऱ्या माणसालासुद्धा त्या गुळाचा खडा देतात. तो पहिल्यांदा गोंधळला होता, आता आल्या आल्या हात पुढे करतो.

"आई, मुंग्या लागतील," मी म्हटलं.

"लागू देत. मुंग्यांनाही उन्हाळाच आहे."

काही वेळाने मीच ते पाणी सिंकमध्ये ओतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा केलं. मग मी ओतायचं बंद केलं. रात्री जेवणाआधी आई स्वतःच ते पिऊन टाकायच्या, "घरात गोड वाया घालवू नये" म्हणत.

सप्टेंबर आला. मेल्विन दोघांसाठी एकसारख्या जर्सी घेऊन आला. गडद निळ्या. शिरीषने ती घालून आरशात चार पोझ दिल्या. आई भाजी निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. "ही नको नेऊस."

"का गं? चांगला दिसत नाही?"

"नको म्हणते ना."

"आंटी, मॅचिंग आहे ना! फोटोत काय दिसणार आम्ही," मेल्विन म्हणाला. मी तेव्हा त्याचा काही संबंध लावला नाही, हे तुम्हाला पटणार नाही, पण खरंच नाही लावला. माझं सगळं लक्ष इन्सुलिन, पट्ट्या, ग्लुकोजच्या गोळ्या, राजगिऱ्याचे लाडू यांच्यात होतं. सगळा खाऊ मी एका पिशवीत भरला, वरून सांगितलं, "ही पिशवी सोडायची नाही." पिशवी मेल्विनने आपल्या सॅकमध्ये टाकली, कारण त्याची सॅक मोठी. आपल्याकडे सहल म्हटली की खाऊ एकाच्या खांद्यावर असतो, तसंच. त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलाही नाही.

निघताना आईंनी शिरीषच्या हातावर दही घातलं आणि तो पेला त्याच्या बॅगेत कोंबायला लागल्या. त्याने काढून चपलांच्या कपाटावर ठेवला. "आई, पाण्याच्या दोन बाटल्या आहेत माझ्याकडे!"

"बाटली वेगळी."

"येतो," म्हणून तो गेला. पेला मी उचलून आत नेला, धुतला आणि ताटाळ्यात लावला. हे नीट लक्षात ठेवा. माझ्या हाताने धुतला, शिरीष विमानतळावर निघून गेल्यावर.

तिथे पोचल्यावर दोन दिवस फोटोच फोटो. हा रस्ता आपल्या हॉलमधला, हा पूल आपल्या हॉलमधला... एखादं मूल आजोळी गेल्यासारखा हरखला होता. तिसरा दिवस शुक्रवार. मला सुट्टी होती. दुपारची जेवणं झाली, मी कपड्यांच्या घड्या घालत होते, इरा कानात हेडफोन घालून अभ्यास करत होती. आई वामकुक्षीतून उठल्या आणि म्हणाल्या, "ते जंगल लावा जरा."

शिरीष गेल्यापासून त्यांनी एकदाही लावायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, लेकाची आठवण आली असेल. इराने बसल्या जागेवरून व्हिडिओ लावून दिला. रिकामी सायकल ट्रेनरवर तशीच उभी, आई तिच्या बाजूला खाली सतरंजीवर बसल्या. इतर वेळी सोफा सोडत नाहीत. ते वळण आलं तसं त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या. डब्याचं झाकण वाजलं, चमचा वाजला. पेला घेऊन आल्या आणि टीव्हीपुढे ठेवला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

तेवढ्यात बेल वाजली, पाण्याच्या बाटल्या घेऊन माणूस आला होता. रिकाम्या दे, भरलेल्या घे, सह्या कर... परत आले तर टीव्हीवर व्हिडिओ संपला होता, आई पुन्हा सोफ्यावर, पदराने तोंड पुसत. चेहरा दमलेला. स्टँडवर पाण्याचं एक गोल वळं होतं फक्त.

"पेला कुठाय आई?"

"नेला."

"कुणी नेला? इराने?"

"ज्याला तहान लागली होती त्याने. देईल परत, घाई काय आहे?"

मला रागच आला. वाटलं, आता हे फार होतंय. मी सिंकमध्ये बघितलं, फ्रीजमध्ये, सोफ्याखाली, त्यांच्या उशीखाली, बाल्कनीत. इराने हेडफोन काढून शपथेवर सांगितलं की ती खुर्चीतून उठलीच नाही. पुढच्या दाराशी तर मीच उभी होते. पेला नव्हता. मी मनाशी ठरवलं, शिरीष आला की न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं.

दिवेलागणीला मेल्विनचा फोन आला.

"भाभी, घाबरू नका. तो ठीक आहे. मी त्याच्यासोबतच आहे, हॉस्पिटलमध्ये."

झालं होतं ते असं. सकाळी मेल्विनच्या सायकलची चेन तुटली. तो गावात परतला, दुरुस्त करून घ्यायला. शिरीष म्हणाला, मी एक छोटा फेरा मारून जेवायला येतो. खाऊची पिशवी मेल्विनच्या सॅकमध्ये, आणि दोघांच्याही ध्यानात आलं नाही. शिरीषने सकाळी नेहमीचं इन्सुलिन घेतलेलं. उतारावर ओल्या पानांवरून चाक घसरलं, पाय घोट्यात मोडला, मोबाइल दगडावर आपटून खलास. पाण्याच्या बाटल्या सायकलबरोबर खाली ओढ्यात. सकाळपासून दुपारपर्यंत तो तिथे एकटा पडून होता. दुपारी कुत्र्याला फिरवणारं एक वयस्क फ्रेंच जोडपं तिथून गेलं, त्यांना तो दिसला. तो त्यांच्याशी बोलत होता, त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

मी पहिला प्रश्न विचारला तो, "साखर किती होती?"

"अॅम्ब्युलन्सवाल्यांनी बघितली. शंभराच्या पुढे. नॉर्मल म्हणाले."

मी मनात हिशेब करायला लागले. इन्सुलिन घेतलेलं, डोंगर चढलेला, तासन् तास उपाशी. आता तुम्ही म्हणाल, आणि आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, की मोठी दुखापत झाली की शरीर स्वतःच साखर सोडतं. सोडतं, मला माहितेय, मी रोज तेच काम करते. मी ते मान्य केलं आणि त्या रात्री देवापुढे दिवा लावून खूप रडले. आई मात्र शांत झोपल्या.

शिरीष व्हीलचेअरवर परत आला. आईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळला आणि मग तो टाकायचा कुठे यावर जरा चर्चा झाली, कारण सनाबिसच्या चौथ्या मजल्यावर उंबऱ्याबाहेर टाकायला जागा नाही. शेवटी इरा लिफ्टने खाली जाऊन टाकून आली. आम्ही सगळे हसलो, बऱ्याच दिवसांनी. रात्री आम्ही दोघंच असताना मी विचारलं, "तिथे पडला होतास तेव्हा काय होत होतं?"

"हात थरथरायला लागले होते. घाम. मला कळत होतं वैशाली, की हे आता संपणार. इराचं नाव आठवायचा प्रयत्न करत होतो आणि येत नव्हतं. मग... हसू नकोस. कुणीतरी ओठाला काहीतरी लावलं. गार. गोड. गूळ गं, आणि मागाहून घशाला सुंठ लागली. मी म्हटलं, आई, अजून."

मी त्याला तोवर त्या दुपारचं काहीच सांगितलं नव्हतं. आईंनीही नाही. इरालाही विचारलं, तिनेही नाही.

आणि मग मेल्विनने तो फोटो पाठवला. त्या फ्रेंच बाईने मदतीला येणाऱ्यांना जागा कळावी म्हणून काढलेला. मेल्विनने सहज पाठवला होता, "बघा आमच्या हीरोची हालत" असं लिहून. ढासळलेल्या कोपऱ्याची दगडी भिंत. पिळवटलेलं झाड. भिंतीला टेकून निळ्या जर्सीतला माणूस, मान खाली, दोन्ही हातांनी पाय धरलेला. आणि त्याच्या गुडघ्यापाशी, भिंतीतून निखळलेल्या एका दगडावर, काहीतरी चकाकतंय. मी जितका मोठा करता येईल तितका फोटो मोठा केला. छोटं, उभट, स्टीलसारखं. त्यावरची अक्षरं दिसत नाहीत. काठाला पोचा आहे की उजेड तसा पडलाय, हेही मी ठामपणे सांगू शकत नाही. बाटलीचं झाकण असेल, सायकलचा एखादा भाग असेल. शिरीष म्हणतो त्या भाड्याच्या सायकलला असं काही नव्हतं.

तो फोटो मी आईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट बघितला आणि मोबाइल मला परत दिला.

"मेल्विन पुढच्या वर्षी परत जाणार म्हणतोय, आई. त्याला सांगू का शोधून आणायला?"

"नको. असू दे तिथेच. कुणाला तरी लागेल."

"कुणाला?"

आईंनी मेथीची जुडी पुढे ओढली आणि त्या निवडायला लागल्या. पुढच्या आठवड्यात व्हिसा संपला आणि त्या दिंडोरीला गेल्या.

याला आता बरेच महिने झाले. शिरीषचा पाय जुळला, थोडा लंगडतो. सायकल विकायची असं मी म्हणत होते, पण ती अजून हॉलमध्येच आहे, कारण इरा चालवते. आधी व्यायाम म्हणून, मग रोज. तोच व्हिडिओ. मी म्हटलं दुसरा कुठलातरी लाव, तर म्हणते, "आई, चिल, दिस वन इज द बेस्ट." आता तिला आणि मेल्विनला मिळून तिकडे जायचंय. शिरीषचीही ना नाही. मी रोज स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ते वळण बघते. भिंत, झाड, पानं. मला कुणी दिसत नाही. मला कुणी दिसत नाही याने बरं वाटावं की नाही, तेच मला कळत नाही. कारण मला तेव्हाही दिसलं नव्हतं.

मागच्या रविवारी आईंचा व्हिडिओ कॉल आला होता. इरा माझ्या मागे सायकलवर होती, मशीनचा घुंईं आवाज चालू होता. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, हवापाणी, शिरीषचा पाय. बोलता बोलता आईंची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली, हॉलमध्ये, टीव्हीकडे. किती तरी वेळ त्या तिकडेच बघत होत्या. मी विचारलं, "काय झालं आई?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "घरात गूळ आहे ना गं?"

त्याच संध्याकाळी मी बाब अल बहरीनच्या बाजारातल्या आपल्या भारतीय दुकानातून गूळ आणला. घरात एक अख्खी ढेप होती, तरी आणला.